सोसायटीतल्या घरांना वीज कमी वापरायला तयार कसं करायचं? (प्रवचन नको, केलेलं सांगा)

कल्याणची_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. कल्याणला आमची ३२ फ्लॅटची सोसायटी आहे. कमिटीत आल्यावर पहिलं काम कॉमन मीटरचं केलं. जिन्यातल्या जुन्या ट्यूबलाइट काढून एलईडी लावल्या, पार्किंगला सेन्सर बसवले. पंपाला फ्लोट स्विच बसवला, कारण वॉचमन मोटर लावून डुलकी काढायचा आणि गच्चीवरची टाकी वाहत राहायची. कॉमन बिल चांगलंच उतरलं. पण ते सोपं होतं. एक ठराव, एक वायरमन, काम फत्ते.

आता एजीएममध्ये कुणीतरी उत्साहाच्या भरात म्हणालं की घराघरातला वापरही कमी करू या. टाळ्या पडल्या आणि काम माझ्या गळ्यात आलं. लिफ्टजवळ ‘वीज वाचवा’चं पोस्टर लावलं, त्यावर केबलवाल्याने आपला स्टिकर चिकटवला. ग्रुपवर टिप्स टाकल्या, त्याखाली दोन अंगठे आणि एक ‘शुभ सकाळ’.

दुसऱ्यांचं कशाला, माझ्याच घरी बघा. सासूबाई देवळात निघाल्या तरी स्वयंपाकघरातला नऊ वॅटचा बल्ब राहिला म्हणून परत फिरतात. आणि चिरंजीव बेडरूमचा एसी लावून, दार सताड उघडं टाकून हॉलमध्ये मोबाइल बघत बसतात. नवरोबांचं बिल खात्यातून आपोआप जातं, रक्कम कितीची ते त्यांना विचारलं तर आठवत नाही.

माझ्या डोक्यात एक आहे: दर महिन्याला फ्लॅटवार युनिटं नोटीस बोर्डावर लावायची. मीटर तसेही खाली मीटररूममध्ये उघड्यावर आहेत. अध्यक्ष म्हणतात, मारामाऱ्या होतील. कुणी केलंय का असं? माणूस नक्की कशाने हलतो, पैशाने, लाजेने, की पोरांच्या तोंडून ऐकल्यावर?

भाडेकरू_दुसरा_मजला

ताई, राग मानू नका, पण तुमच्या ३२ पैकी भाडेकरू किती ते आधी मोजा. माझ्या फ्लॅटमधला फ्रिज, गिझर, पंखे सगळं मालकाचं. फ्रिजचं रबर इतकं गेलंय की दारात दहाची नोट धरून ओढली तर अलगद बाहेर येते. नवीन रबर बसवा म्हटलं तर मालक म्हणतो, ‘चालतोय ना?’ चालतोयच, रात्रंदिवस चालतोय! बिल मी भरतो आणि वस्तू बदलायचा हक्क त्याचा. अकरा महिन्यांच्या करारात मी स्वतःच्या पैशाने नवा पंखा कशाला लावू? बोर्डावर माझी युनिटं लावलीत तर मालकाचं नावही शेजारी लावा, म्हणजे झालं.

वायरमनकाका_सांगली

ताई, मी शिकलेला इंजिनिअर नाही. वायरमन आहे, सांगलीत दुकान आहे, आयुष्य लोकांच्या बोर्डात स्क्रूड्रायव्हर घालण्यात गेलं. तेवढ्यावरून सांगतो.

लोकांना वीज वाचवायची नसते असं नाही. आपल्या घरात वीज जाते कुठं, हे त्यांना दिसतच नाही. पाणी सांडलं तर दिसतं. वीज दिसत नाही, ती महिनाभराने एका कागदावर एका आकड्यात येते, तोही ज्याने वापरली त्याच्या हातात पडेलच असं नाही. तुमच्या सासूबाई बल्ब बंद करायला परत येतात, कारण बल्ब पेटलेला दिसतो. गिझर पेटलेला कुणाला दिसतो? बाथरूमच्या बाहेर कपाटाआड एक बारीक तांबडा दिवा. आता हिशोब बघा. दोन हजार वॅटचा गिझर वीस मिनिटं चालला तर जेवढी वीज जाते, तेवढ्यात तो नऊ वॅटचा बल्ब तीन दिवस आणि तीन रात्री न विझता चालेल. म्हातारी माणसं कष्ट घेतात, पण चुकीच्या खटक्यावर. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या काळात बल्ब साठ आणि शंभर वॅटचे होते आणि पाणी बंबात तापायचं.

म्हणून मी कुणाच्या घरी जास्त बिलाची तक्रार घेऊन गेलो की भाषण देत नाही, सगळ्या घराला मीटरपाशी उभं करतो. मीटरवर एक तांबडा ठिपका लुकलुकत असतो, आणि शेजारी छापलेलं असतं की किती लुकलुकींना एक युनिट. बऱ्याच मीटरवर ३२०० असतं. मग मी घरातल्या पोराला वर पाठवतो: सगळं बंद कर, फक्त हॉलचा पंखा ठेव. खाली आम्ही घड्याळ धरून उभे. साधा जुना पंखा ७५ वॅटचा. दर १५ सेकंदांनी एक लुकलुक. मग ओरडून सांगायचं, पंखा बंद, गिझर लाव. ठिपका एकदम पिसाळतो, सेकंदाला जवळजवळ दोन. तिथं काही बोलावं लागत नाही. बायका एकमेकींकडे बघतात, नवरा ‘मीटर फास्ट आहे का हो?’ विचारतो. (हा प्रश्न दर घरात येतो. मीटर फास्ट नसतो हो, गिझर फास्ट असतो.)

आणि शेवटी गंमत करायची. मेन स्विच चालू ठेवून घरातलं सगळं बंद कर म्हणायचं. पोरगं वरून ओरडतं, ‘केलं सगळं बंद!’ आणि ठिपका तरी लुकलुकतोच. मग शोधाशोध. सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केलेला असतो, बटणाने नाही. वायफाय असतो. देवघरात झिरोचा बल्ब असतो, ज्याला लोक खरोखरच शून्य वॅटचा समजतात. जुना असेल तर तो पंधरा वॅट खातो, म्हणजे नव्या एलईडी बल्बपेक्षा जास्त. पोरांना ही शोधाशोध फार आवडते. एकदा सापडलं की पुढं महिनोन्महिने तीच घरात पोलिसगिरी करतात. तुम्ही विचारलंत ना पोरांच्या तोंडून चालतं का, चालतं, पण पोराने स्वतः शोधलेलं असलं तरच. शाळेतून घोकून आलेली घोषणा आईबाप ऐकून घेतात आणि सोडून देतात.

पैशाचं म्हणाल तर तोही चालतो, पण ‘बिल कमी होईल’ एवढ्याने नाही. आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांचा आहे, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं आणि उरलेल्यांना उलटं माहीत असतं. महावितरणचा पहिला टप्पा शंभर युनिटांचा, दुसरा १०१ ते ३००. लोकांना वाटतं १०१ झालं की सगळीच युनिटं महाग. तसं नाही, फक्त शंभरच्या वरची महाग. पण ती महाग म्हणजे किती? पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून जास्त. ज्याचं बिल १३० युनिटांचं येतं त्याला मी सांगतो, तुझी शेवटची तीस युनिटं सगळ्यात महागडी आहेत, तेवढीच पकड. आता २८ वॅटचे बीएलडीसी पंखे (वेगळ्या मोटरचे, कमी वीज खाणारे) आलेत. जुना ७५ वॅटचा पंखा दिवसाला बारा तास चालत असेल आणि तो बदलला तर महिन्याला सतरा युनिटं वाचतात. दोन पंखे बदलले की चौतीस. म्हणजे ती महागडी तीस गेलीच. असं सांगितलं की माणूस लगेच ‘कितीला पडेल?’ विचारतो. पण ज्याचं बिल पाचशे युनिटांच्या वर जातं त्याला ही भाषा लागू पडत नाही, त्याला पैशाची पर्वा असती तर तिथं गेलाच नसता.

आणि सगळ्यांनी मिळून कमी करायचं म्हणाल तर त्याचंही एक बघितलेलं सांगतो. भारनियमनाच्या काळात, २००५-०६ च्या आसपास, महावितरणची अक्षय प्रकाश योजना होती. इथं त्या वयाचे लोक असतील त्यांना आठवेल. योजना साधी होती. गावाने ठरवायचं की संध्याकाळी भाराच्या वेळेत शेतीच्या मोटारी लावायच्या नाहीत, गिरणी चालवायची नाही, शेगडी लावायची नाही. फक्त दिवे, पंखे, टीव्ही. त्या बदल्यात गावाला त्या वेळी भारनियमन नाही. मी तेव्हा आमच्या भागात हाताखाली काम करत होतो. आकडा टाकून मोटर चालवणारा गडी तोच, पण आता त्याच्या एकट्याच्या मोटारीने अख्ख्या गावाची लाइट जाणार. मग वायरमनला जावं लागत नव्हतं, गावातलीच चार माणसं बॅटरी घेऊन विहिरीवर जायची. परीक्षेचे दिवस असले तर बायकाच आधी निघायच्या. जिथं गावकीत दोन तट होते तिथं योजना चार दिवसांत बसली, हेही सांगतो. पण जिथं चालली तिथं पोस्टरने चालली नाही. फायदा सगळ्यांना, त्याच दिवशी, डोळ्यांसमोर होता, म्हणून चालली.

तुमच्या सोसायटीत तसा सामाईक फायदा काय दाखवता येईल ते बघा. कॉमन बिलात वाचलेले पैसे मेंटेनन्समधून वजा करून पावतीवर वेगळ्या ओळीत छापलेत का? नसतील तर आधी ते करा.

बोर्डावर नावं लावू नका. का, ते मला नीट सांगता येणार नाही, पण माझा हात नको म्हणतो.

अकोलेकर

का नको ते मी सांगतो. आमच्या अपार्टमेंटमध्ये एका उत्साही माणसाने असंच केलं. पहिला नंबर आला तळमजल्यावरच्या एका घराचा, कुणाहीपेक्षा दुपटीने जास्त युनिटं. ग्रुपवर मस्करी सुरू झाली. मग कळलं की त्यांच्याकडे वडिलांना ऑक्सिजनचं मशीन लावलेलं आहे. ते सुमारे तीनशे वॅटचं, चोवीस तास चालू. काकांनी वर हिशोब शिकवलाच आहे, करून बघा: महिन्याला दोनशेवर युनिटं नुसत्या श्वासाची. त्या घरातल्या मुलाने ग्रुपवर एका ओळीत लिहिलं आणि ग्रुप सोडला. नंतर सगळे सॉरी सॉरी करत गेले, पण काय उपयोग.

आणि दुसरं, उन्हाळ्याबद्दल. तुम्ही कल्याणला आहात, घामाने हैराण होता. आमच्याकडे मे महिन्यात ४५ पर्यंत जातं. इथं ‘वीज वाचवा’ ऐकून आधी पंखा-कूलर बंद कोण करतं? सत्तरीची म्हातारी. जिची युनिटं आधीच साठ-सत्तर असतात ती. ज्याच्या तीन खोल्यांत तीन एसी तो ऐकतही नाही. तेव्हा तुमच्या पत्रकात हे आधी लिहा की पंखा, कूलर, आजाऱ्याची सोय यात काटकसर करायची नाही.

सॅन_होजेकर

मूळ पुण्याचा, आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात. सेक्रेटरी बाई, तुम्ही जे बोर्डावर लावायचं म्हणताय त्याचा इथे रीतसर प्रयोग झालेला आहे, आणि तुमच्या अध्यक्षांची भीती आणि अकोलेकरांचा अनुभव दोन्ही त्यात वेगळ्या रूपात दिसतात.

सॅन डिएगोजवळ सॅन मार्कोस नावाचं गाव आहे. तिथे शुल्ट्झ, चाल्डीनी वगैरे मानसशास्त्रज्ञांनी घरांच्या दारांना चिठ्ठ्या अडकवल्या. चिठ्ठीत दोन आकडे: तुमचा वापर इतका, तुमच्या वस्तीची सरासरी इतकी. सरासरीपेक्षा जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. पण सरासरीपेक्षा कमी वापरणाऱ्यांनी वाढवला! ‘अरे, आपण उगीच काटकसर करत होतो’ असं. मग काही चिठ्ठ्यांवर हाताने एक हसरा चेहरा काढला, कमी वापरणाऱ्यासाठी. तेवढ्याने त्यांचं वाढणं थांबलं. हे २००७ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे तुमच्या बोर्डाचा पहिला बळी तुमच्या सासूबाई असत्या.

त्याच मंडळींचा २००८ चा दुसरा अभ्यास मला जास्त मजेदार वाटतो. लोकांना विचारलं, तुम्ही वीज का वाचवता? पर्यावरण, समाज, पैसे अशी उत्तरं वर आली. ‘शेजारी वाचवतात म्हणून’ हे सगळ्यात खाली. प्रत्यक्षात वापराशी सगळ्यात जास्त मेळ बसला तो शेजारी काय करतात याचाच. मग एसीऐवजी पंखा लावा वगैरे सांगणाऱ्या पाट्या घरोघरी वाटल्या, कारण मात्र वेगवेगळं दिलं. ‘तुमचे बहुतेक शेजारी हे करतात’ हे कारण सगळ्यात चाललं. आणि नंतर विचारलं तर त्याच लोकांनी सांगितलं की आमच्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही.

यावरूनच पुढे ओपॉवर नावाच्या कंपनीने वीज कंपन्यांमार्फत घरोघरी अहवाल पाठवायला सुरुवात केली. मलाही येतो. माझं घर, साधारण तेवढीच आसपासची घरं, आणि त्यातली काटकसरी घरं, अशा तीन पट्ट्या. खरं सांगायचं तर पहिल्यांदा आला तेव्हा बायकोने फ्रिजवर लावला आणि मी गॅरेजमधला दुसरा फ्रिज बंद केला. पण फार आशा धरू नका. हंट ऑलकॉट या अर्थशास्त्रज्ञाने २०११ मध्ये सुमारे सहा लाख घरांचा हिशोब मांडला, सरासरी घट निघाली २ टक्के. लाखो घरांना कागद पाठवून २ टक्के म्हणजे वीज कंपनीला सोनं. ३२ घरांत २ टक्के तुम्हाला दिसणारही नाहीत, एका घरी पाहुणे आले की गायब. तुमच्याकडे काकांचा ठिपका आहे, तो जास्त चालेल असं माझं मत.

आणि तुलना करायचीच तर सारख्याशी करा. टू बीएचके एसीवालं घर टू बीएचके एसीवाल्याशी. बंद पाकिटात.

कल्याणची_सेक्रेटरी

सगळ्यांचे आभार. अकोलेकर, तुमचं वाचून बोर्डाचा विषय संपला. आमच्याही एका घरी आजारी माणूस आहे, मी त्या बाजूने विचारच केला नसता.

काल रविवारी मुलाला घेऊन मीटररूममध्ये गेले. पंखा एकटा चालू ठेवला, पण ठिपका दर ३० सेकंदांनी लुकलुकला, १५ नाही. काका, आमचा पंखा निम्मी वीज खातो की मीटर मंद आहे? (आता मीही तोच प्रश्न विचारतेय.) एसी लावल्यावर मात्र चिरंजीव गप्प झाले. वर जाऊन दार लावून आले, न सांगता.

भाडेकरू, तुमचा मुद्दा कमिटीत मांडते. आमच्याकडे नऊ घरं भाड्याने आहेत. मालकांना सोसायटीतर्फे पत्र लिहिता येईल, आणि पंखे एकत्र घाऊक घेतले तर दुकानदार भाव पाडेल का ते विचारते.

वायरमनकाका_सांगली

मीटर मंद नाही ताई. तुमच्या मीटरवर १६०० छापलेलं असणार, बघा. तिथं एका लुकलुकीत दुप्पट वीज जाते, म्हणून वेळही दुप्पट. ३० सेकंद म्हणजे पंखा ७५ वॅटचाच, जुना.

घाऊक पंखे घ्या, जरूर. दुकानदार भाव पाडतोच, मीही पाडतो. एलईडी बल्बचंही तसंच झालं होतं. २०१५ मध्ये उजाला योजना आली तोवर एलईडी बल्ब ही श्रीमंताची वस्तू होती. सरकारने एकगठ्ठा खरेदी केली, पुढं नऊ वॅटचा बल्ब सत्तर रुपयांत मिळायला लागला आणि लोक रांगा लावून घेऊन गेले. तेव्हा कुणाला पटवत बसावं लागलं नाही. फक्त एक बघा, पंख्यावर तारे बघून घ्या. २०२३ पासून पंख्यांना तारांकन सक्तीचं आहे, त्याआधीचा जुना माल कुणी स्वस्तात गळ्यात मारेल. आणि बीएलडीसीला जुना रेग्युलेटर चालत नाही, रिमोट येतो. तो रिमोट म्हाताऱ्या माणसांना सापडत नाही, मग पंखा रात्रभर पाचवर. काही कंपन्यांचे भिंतीवरच्या बटणाने वेग बदलणारेही येतात, सासूबाईंच्या खोलीत तसला लावा.

भाडेकरू भाऊ, फ्रिजचं रबर मालकाची वाट न बघता बदलून घ्या. दोन दारांचा असेल तर आधी खालच्या दाराचंच बदला, तेच जास्त उघडतं. जुनं रबर काढून नेऊन दाखवा, मापाने मिळतं. आणि पावती ठेवा, भाड्यातून वळती करायला.

भाडेकरू_दुसरा_मजला

एकदारी आहे काका. मालकाला पावतीचा फोटो पाठवतो, बघू काय म्हणतो ते.